आईच्या गालावरची हळद

मित्रांनो, आज अड्याळले मामेबहिणीच्या हळदीत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

चार वर्षं आईच्या गालाले पंख्याची हवा लागली तरी करंट बसल्यासारखं दुखे. दाढदुखी समजून आम्हीच हट्टानं तिचे दोन चांगले दात काढायले लावले! शेवटी तीन महिन्यांआधी नागपुरात कानामागून ऑपरेशन झालं. चेहऱ्याच्या नसेवर दाबणारी रक्तवाहिनी डॉक्टरनं बाजूले केली. दुखणं थांबलं, पण तिच्या गालाले हात लावायची हिंमत कोणाची झाली नाही.

आज मावशी सारं विसरली अन् तिनं आईच्या गालाले खसाखसा हळद चोळली.

आईनं डोळे मिटले. मग उघडून म्हणते, "अवं, दुसरा गाल कायले कोरडा ठेवला?"

तो मी भरला, दोन्ही हातांनी. चार वर्षांनी आईच्या गालाले हात लावला.

तुम्ही शेवटचा कधी लावला होता?