खव्याच्या भिंती, गेरूच्या चौकटी

वहिनी गेल्याचं मला दादांनीच फोनवर सांगितलं. एरवी गावाहून, साखऱ्याहून येणारा फोन वहिनींचा असे. आधी त्या बोलत, मग "घ्या, ह्यायला देते" म्हणून फोन दादांच्या हातात जाई. त्या दिवशी सकाळी पहिलाच आवाज दादांचा आला, तेव्हाच काहीतरी विपरीत घडल्याचं कळलं. "बापू, तुझी वहिनी गेली," एवढंच ते म्हणाले. मग शेजारच्या एकाने फोन हातात घेऊन सांगितलं की नंबर त्याने लावून दिला होता, वहिनी ओट्याला टेकून खाली बसल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत, डॉक्टर येऊन गेले आणि हृदय बंद पडलं म्हणाले. माझी उमेदीची वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. माणूस गेल्याची बातमी हात आपोआप लिहितो. "त्यांच्या मागे पती आणि एक मुलगा असा परिवार आहे," हे वाक्य मी त्याच सवयीने लिहून पाहिलं. वाक्यात चूक नव्हती. त्यातल्या पतीच्या डोळ्यांचं आता काय, हे मात्र त्यात कुठे घालायचं ते मला सुचेना.

मंदावहिनींचं माहेर सिद्धेश्वरच्या धरणाकडचं. लग्न होऊन आमच्या घरात आल्या तेव्हा मी शाळेत होतो आणि त्या मला 'भाऊजी' म्हणत, याचं मला फार अप्रूप होतं. थट्टा करायची ती समोरच्याला पचेल एवढीच, हा त्यांचा स्वभाव शेवटपर्यंत टिकला. दादा शेतकरी, मुख्य पीक हळद. त्यांचा मुलगा विनायक पुण्यात नोकरीला. काही वर्षांपूर्वी दादांनी गावाबाहेर, शेताच्या वाटेवर नवं स्लॅबचं घर बांधायला घेतलं आणि त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांची तक्रार सुरू झाली. हिंगोलीला दाखवलं तर काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली औषधाने जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाजूचं दिसणं आधी जातं आणि एका रंगाच्या वस्तूंच्या कडा एकमेकींत मिसळतात, हेही सांगितलं. हे सगळं वहिनींनी ऐकलं होतं, कारण दवाखान्यात त्या सोबत होत्या. दादांनी घरी येऊन गावाला जे सांगितलं ते असं, की थेंब टाकायला दिलेत, बाकी काही नाही.

घराच्या भिंतींचा रंग वहिनींनी निवडला. दुकानातल्या रंगांच्या कार्डावर त्या रंगाला काहीतरी इंग्रजी नाव होतं. वहिनी त्याला खव्याचा पांढरा म्हणत. चुन्याचा पांढरा डोळ्यांवर येतो, दवाखान्यासारखा वाटतो, खव्याचा पांढरा ऊब धरून असतो, असं त्यांचं म्हणणं. दारंखिडक्यांच्या चौकटी आणि भिंतीच्या पायथ्याची पट्टी कोणत्या रंगाची करायची यावर मात्र त्यांनी फारसा विचार केला नाही. सेनगावचे रंगारी युसूफभाई म्हणाले, "भाभी, आजकल लाइट पे लाइट चलता है. बदामी लगाओ, सोबर दिखेगा." बदामी लागला. वास्तुशांतीला आलेल्या सगळ्यांनी घराचं कौतुक केलं आणि मीही केलं. खव्यावर बदामी खरोखरच छान दिसत होता.

आमच्याकडे हळदीचं पॉलिश उरकल्याशिवाय कोणी घराला रंग देत नाही. त्या वर्षी हळद मागे पडली आणि वास्तुशांतीचा मुहूर्त फाल्गुनातला निघाला, म्हणून दादांनी क्रम उलटा केला. पुढे शिजवून वाळवलेली हळद अंगणात आली, ती घासून चकचकीत करायचा पॉलिशचा ढोल सुरू झाला आणि त्यातून उडणारी पिवळी धूळ दारंखिडक्यांतून सगळ्या घरात शिरली. भिंतींवर बसली, चौकटींवर बसली. पुसली तर अधिकच पसरली. खवा आणि बदामी यांत जो थोडा फरक होता तोही त्या पिवळ्यात बुडाला.

त्यानंतर एका संध्याकाळी दादा पुढच्या खोलीतून चहासाठी स्वयंपाकघराकडे निघाले आणि दारात न जाता भिंतीपाशी जाऊन थांबले. दोन्ही तळवे भिंतीला लावून हळूहळू बाजूला सरकू लागले. वहिनी आतून बघत होत्या. त्यांनी विचारलं, काय करता? दादा म्हणाले, "भिंतीला वल आली का बघून राहिलो." वहिनींनी विचारलं, "आली का?" "न्हाई." "मंग या, चहा निवून राहिला." त्या बोलत राहिल्या आणि आवाजाच्या रोखाने दादा दारातून आत आले. इतकंच झालं.

हा प्रसंग वहिनींनी मला अक्षय्यतृतीयेला गेलो तेव्हा सांगितला. ओसरीवर तूर पाखडत होत्या, दादा शेतात होते. भिंत आणि चौकट एक झाली की ह्यांना दार दिसत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला. नुकतंच विनायकने बजावलं होतं की दादा एकदा जरी पडले तरी तो दोघांना पुण्याला नेणार. त्याचंही चूक नव्हतं, असं त्याच म्हणाल्या. "पन तिथं काय, बसवून ठेवतील ह्यायला. सकाळी उठून हळदीच्या सरीत जाणारं माणूस हाय हे. ह्या घरात ह्यायला हात न धरता फिरता आलं पायजे, भाऊजी. मग कोणी नेत न्हाई." चौकटी पुन्हा रंगवायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. दादांना कारण कळू द्यायचं नव्हतं. "रंगाचं याड मला लागलं म्हणू द्या त्यायला," त्या म्हणाल्या, आणि सूप पुन्हा हलू लागलं.

पुढचे काही महिने त्या घरात जे चाललं त्याला गावाने वेडच म्हटलं. वहिनी सेनगावहून रंगाचे लहान डबे आणायच्या, स्वयंपाकघराच्या चौकटीवर हातभर पट्टा ओढायच्या आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या दादांना विचारायच्या. सकाळी विचारायच्या, उन्हं वर आल्यावर विचारायच्या, दिवेलागणीला पुन्हा विचारायच्या. "अवं, इकडं बगा. काय दिसून राहिलं?" दादा म्हणत, "तुझं डोकं दिसून राहिलं." "अन् डोक्याच्या बाजूला?" मग दादा काहीतरी सांगत, कधी बरोबर, कधी अंदाजाने. दादांचा अंदाज कोणता आणि दिसणं कोणतं हे वहिनींना उत्तराला लागणाऱ्या वेळावरून समजायचं. एकदा दादा वैतागून म्हणाले, तुझी आई रंगारीण व्हती का? वहिनी म्हणाल्या, असती तर तुमच्या घरी कशाला दिली असती?

त्यांच्या मनातला रंग मोरपंखी होता. खव्याच्या भिंतीला मोरपंखी कड, हे त्यांनी फार पूर्वीपासून धरून ठेवलं होतं आणि पहिला पट्टा त्याचाच ओढला. त्या वेळी शेजारची एक बाई विरजण मागायला आलेली होती. दादा पट्ट्याकडे बघून म्हणाले, "काळा काहून लावला दाराला? बरं दिसतं का ते?" शेजारीण चमकून वर बघू लागली. वहिनी लगेच म्हणाल्या, व्हय, दुकानदारानं डबा चुकीचा दिला, आणि फडक्याला रॉकेल लावून त्यांनी तो ओला पट्टा तिथल्या तिथे पुसून काढला. त्या रंगाचं नाव नंतर दादांपुढे निघालं नाही.

कॉफी रंगाने दिवसा चांगलं काम केलं. संध्याकाळी मात्र स्वयंपाकघरातला अंधार आणि गडद चौकट मिळून दार आहे त्याहून रुंद भासायचं आणि दादांचा खांदा आपटायचा. तो आपटल्यावर ते 'दार अरुंद केलं गवंड्यानं' म्हणायचे. शेवटी गेरूसारखा गडद विटकरी लागला. पट्टा ओढून वहिनी बाजूला झाल्या, विचारायच्या आधीच दादा म्हणाले, "हा गेरू हाय." दिवेलागणीलाही तेच म्हणाले. जितके रंग झाले त्यांत दादांनी लगेच, अचूक नावाने ओळखलेला हा एकच, आणि वहिनींचं तिथे ठरलं. कॉफीपासून त्या एक शिकल्या होत्या. चौकटीचा फक्त दर्शनी भाग त्यांनी विटकरी करायला सांगितला, आतली जाडी भिंतीच्याच खव्याची ठेवली. म्हणजे आधी लाल रेघ, मग पांढरी, आणि मग दार. युसूफभाईंना ते पटलं नाही. "भाभी, आधा काम लगता है. लोग बोलेंगे युसूफ बीच में भाग गया." वहिनी म्हणाल्या, "सांगा, बाईनं पळवून लावलं." उंबऱ्यालाही तोच रंग गेला. रोज उंबरा हळदीने सारवून घ्यायची त्यांची पद्धत होती. फिक्या फरशीवर ती पिवळी पट्टी दादांच्या पायाला सापडत नव्हती, म्हणून त्यांनी हळदकुंकू कोपऱ्यातल्या दोन बोटांपुरतं आणलं. यावर गावातल्या बायका बोलल्या. वहिनींनी ऐकून घेतलं.

त्यानंतर मी पोळ्याला गेलो, ती आमची शेवटची भेट. पुढच्या खोलीत टेकतो न टेकतो तोच दादा आतून तांब्या-पेला घेऊन आले. भिंतीला हात नाही, पायाची चाचपणी नाही, दारातून सरळ बाहेर. त्यांच्या मागे दारात वहिनी उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या… मी बघितलं की नाही हे त्या बघत होत्या. पाणी पिऊन झाल्यावर दादांनी पाऊसपाण्याचं विचारलं. नंतर वहिनी मला मागच्या बाजूला कोठीच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे धान्य, त्यांची पेटी आणि जास्तीची अंथरुणं. त्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीची चौकट त्यांनी स्वतः ब्रश घेऊन मोरपंखी रंगवली होती. एका कोपऱ्यात रंग भिंतीवर ओघळला होता. "ह्यायचं इथं काय काम न्हाई," त्या म्हणाल्या. "हे माझं." खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं आणि त्या उन्हात खव्याच्या भिंतीला त्या कडेने जे काही आलं होतं ते मला नेमकं सांगता येणार नाही. वहिनी दाराला टेकून ते पाहत उभ्या राहिल्या. मी तिथे आहे हे बहुधा त्या थोडा वेळ विसरल्या होत्या.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले आणि विनायकने विषय काढला. तो शांतपणे बोलला. आता घरात कोणी नाही, पुण्यात डॉक्टर जवळ आहेत, खोली तयार आहे. दादा नाही म्हणाले. घराची सवय आहे म्हणाले, शेताचं कारण सांगितलं, हळद उभी आहे म्हणाले. विनायककडे प्रत्येकाला उत्तर होतं. दादांची नजर किती गेली आहे हे त्याला डॉक्टरांच्या कागदांवरून माहीत होतं. चौकटींचा उलगडाही त्याला आईने कधीतरी केला असावा, कारण शेवटी तो वडिलांना म्हणाला, "आण्णा, तिकडंबी असाच रंग लावू सगळ्या दारायला. युसूफभाईलाच घेऊन जाऊ. इथं दिसतं तसं तिथं दिसंल."

डोळ्यांबद्दल दादांसमोर इतकं उघड कोणी बोललं नव्हतं, आणि तेही बोलले नव्हते. मला वाटलं ते रागावतील, नेहमीसारखं थेंबांचं सांगतील. त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि समोरच्या दाराकडे बघत म्हणाले, "मला लई कमी दिसतं, विनू. तिला ठाव व्हतं. तिला ठाव हाय हे मला ठाव व्हतं." मग म्हणाले, "रंग तू लावशील रे. पन काय दिसून राहिलं म्हणून इचारत कोण बसंल?"

विनायक उठून अंगणात गेला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा त्याने पुण्याचा विषय काढला नाही. दोन्ही वेळची भाकरी शेजारून यावी, सकाळ-संध्याकाळ कोणी डोकावून जावं, एवढी सोय लावून तो गेला. ही सोय किती दिवस पुरेल हे त्याला माहीत नाही, मलाही नाही.

मागच्या आठवड्यात मी साखऱ्याला जाऊन आलो. घरात कोणी काही हलवलेलं नाही. दादा हात न धरता फिरतात, चहाचा कप स्वतः विसळून ठेवतात. उन्हं कलली की पुढच्या खोलीत येतात आणि खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवून बसतात. मी बाजूला पेपर वाचत होतो. आत कोणी नव्हतं, दिवा लागायचा होता. दादा दाराकडे तोंड करून, आत कोणाला ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणाले, "चौकट दिसून राहिली." थोड्या वेळाने मान त्याच खोलीतल्या, तशाच गेरूच्या चौकटीच्या खिडकीकडे वळवली. तिकडे बराच वेळ बघितलं…

"खिडकी निम्मी," ते म्हणाले.