तिसऱ्या प्रश्नाची वही

लातुरात मी समुपदेशक म्हणून बसते. मध्यंतरी आत्मपरीक्षणाच्या एका जपानी पद्धतीचा ऑनलाइन कोर्स केला आणि अंगात आल्यासारखी तिचंच बोलायला लागले. नाइकान म्हणतात त्या पद्धतीला. निवांत बसायचं, जवळचं एक माणूस आठवायचं आणि स्वतःला तीनच प्रश्न विचारायचे. मला त्याच्याकडून काय मिळालं? मी त्याला काय दिलं? मी त्याला काय त्रास दिला? त्यानं मला काय त्रास दिला, हे विचारायचंच नाही. मला ते लई शहाणपणाचं वाटलं होतं.

तेव्हा अहमदपूरजवळच्या खेड्यात माझ्या अक्कानं अंथरूण धरलं होतं. नवरा जाऊन वर्ष होत आलेलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी उठायची न्हाई, दोन घासांवर ताट सरकवायची. मी वही नेली, वर तीन प्रश्न लिहून. म्हटलं, दाजींबद्दल लिही. दाजी कसे होते हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी म्हटलं.

"लिहिते की. तुला कशाला तरास," अक्का म्हणाली. हे तिचं जन्माचं वाक्य.

पंधरा दिवसांनी गेले तर वही भरत आलेली. मी खूश. मग वाचायला बसले. पहिल्या प्रश्नाखाली घर, कुंकू, दोन लेकरं. तिसऱ्याखाली पानंच्या पानं. भाकरी करपली. ताप आला तेव्हा सासूला चुलीपुढं बसावं लागलं. पहिली मुलगीच झाली. मला मारताना त्यांचं मनगट लचकलं. दुसऱ्या प्रश्नाखाली मात्र कोरं.

"अक्का, इथं काहीच न्हाई?"

"माझ्याजवळ काय होतं द्यायला?"

"वीस वर्षं रांधलंस. त्यांचं आजारपण काढलंस."

"ते करणं झालं. देणं असतंय व्हय ते?"

प्रश्नात 'दिलं'च्या जागी मी 'केलं' लिहिलं असतं तर? काय की. राग आला मला, आधी तिचा, मग माझा. वही काढून घेतली, पण उशीर झाला होता. आपण सगळ्यांना नुसता त्रास, हे तिला आधी वाटायचं. आता तिच्याच अक्षरात लिहून झालं होतं. हल्ली ती तहान लागली तरी पाणी मागत नाही. फोन केला की म्हणते, "नको करत जाऊ. तुला तरास."

परवा त्याच वहीच्या उरलेल्या पानावर मी अक्काबद्दल लिहायला बसले. काय मिळालं? तिनं शाळा सोडून मला सांभाळलं, म्हणून मी शिकले. काय दिलं? ही वही. तिसऱ्या प्रश्नाखालीही तेच लिहिलं.