सशांची डॉक्टरीणबाई

सुधाआत्या गेल्याचं मला रेखाभाभींच्या फोनवरून कळलं. रेखाभाभी म्हणजे उज्जैनला माधवनगरात तिच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. "दीदी, बुआजी नहीं रहीं," त्या म्हणाल्या, आणि मला काही सुचायच्या आत पुढे म्हणाल्या, "खरगोश हमने अपने यहाँ रख लिया है, आप फिकर मत करना." रडता रडता मला हसू फुटलं. नव्वदीला टेकलेली बाई जाते, आणि मागे राहिलेल्यांत पहिली चौकशी होते ती सशाची. आत्याला हे फार आवडलं असतं. तिच्या मते योग्य क्रम हाच होता.

सुधाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हा विषय आमच्या घरात काढायची कुणाची टाप नव्हती. होमिओपॅथी ती शिकली रेल्वे कॉलनीतल्या एका बंगाली बाबूंकडून. त्यांच्या मुलीची ती शिकवणी घ्यायची आणि मोबदला म्हणून पैशांऐवजी तिनं विद्या मागितली. बाबूंनीच तिला सागवानी पेटी दिली. खणाखणांत बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, बुचं लावलेल्या, आणि प्रत्येकीवर आत्याच्या मोत्यासारख्या अक्षरात नाव लिहिलेला कागद. पण त्या पेटीतली एक गोळीसुद्धा तिनं कधी माणसाला दिली नाही. तिचे पेशंट म्हणजे ससे, पांढरे उंदीर, गिनीपिग, फार तर घरट्यातून पडलेली खारीची पिल्लं. कुणी डोकेदुखीवर गोळी मागितली की ती सरळ सांगायची, "माणसांसाठी सरकारी दवाखाना आहे. सशासाठी कोण आहे?" गुरांचा डॉक्टर गाई-म्हशी बघायचा. ससा समोर धरला तर तो हसायचा.

तिची तपासायची रीत मोठी मजेदार होती. होमिओपॅथीत रोगापेक्षा रोगी बघतात, त्यामुळे प्रश्नच प्रश्न. ऊन आवडतं की सावली? कोणत्या कुशीवर झोपतो? पाणी घोट घोट पितो की एकदम? हात लावलेला चालतो का? रागीट आहे का भित्रा? आणि रोगी काही बोलणार नाही, म्हणून उत्तरं आणायची मालकानं. "आधी जाऊन नीट बघ, मग ये," असं म्हणून ती वापस पाठवायची. वकिलांची, मास्तरांची पोरं दिवसभर पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसलेली मी पाहिली आहेत. आता मला वाटतं, अर्धे पेशंट त्या बघण्यानंच बरे होत असतील. कुणी तरी पहिल्यांदाच त्यांच्याकडे धड लक्ष द्यायचं ना... उंदराच्या डब्यातलं ओलं गवत दिसायचं, सशाचे वाढलेले दात दिसायचे. गोळीचं काय, ती साखरेची. हे मी मोठी झाल्यावर तिला ऐकवलंही होतं. "मग तू का नाही बघितलंस गोळीशिवाय?" एवढंच ती म्हणाली.

मी चौथीत होते तेव्हा मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, उज्जैनलाच सरकारी कचेरीत होते. नोकरीला लागले ग्वाल्हेर दरबारच्या अमलात, मग मध्यभारत आला, आता हे. "खुर्ची तीच, राज्य तिसरं," ते म्हणायचे. पण या वेळी खुर्चीही हलणार होती. त्यांना भोपाळला जायचा हुकूम आला. दिवाळी नुकतीच झाली होती. घरात खोकी आली, खिळे ठोकायचा आवाज सुरू झाला, आणि माझ्या कापशीनं खाणं सोडलं. कापशी म्हणजे माझी पांढरी ससीण. शेजाऱ्यांची बदली झाली तेव्हा ते तिला मागे ठेवून गेले होते, तेव्हापासून ती माझी. अण्णा तसे मायाळू, पण सामानाच्या काळजीनं वैतागलेले. त्यांनी फर्मान काढलं, "आजारी जनावर ट्रकमध्ये घेणार नाही. बरी झाली तर येईल." निघायला आठवडाही उरला नव्हता. कापशी बरी झाली नाही तर तीही मागे राहणार, पहिल्यासारखीच. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आईनं तिच्या पद्धतीनं इलाज केला. पोट फुगलंय म्हणाली, आणि हिंगाचं पाणी करून कापशीच्या पोटाला चोळलं, थोडं तोंडातही घातलं. संध्याकाळी आत्या आली ती दारातच थबकली. हिंग, कापूर, कांदा, कॉफी हे तिच्या औषधांचे चार दुष्मन.

"इंदू, हिंग कुणी लावला?"

"मी लावला. वन्सं, पोट बघा किती टम्म झालंय."

"आता माझं औषध काय डोंबल काम करणार? सगळा वासच वास आहे."

"तुमचं काम करणार नसेल तर हिंग करेल," आई म्हणाली. नणंद-भावजयीचं हे भांडण पुढे वर्षानुवर्षं चाललं आणि दोघींनीही त्याचा मनमुराद आनंद घेतला. त्या दिवशी मात्र मला रडू कोसळलं. तेव्हा आत्या पेटी न उघडताच माझ्यासमोर बसली आणि तिचे प्रश्न सुरू झाले.

"कधीपासून खात नाही?"

"खोकी आली तेव्हापासून काही खाऊन नाही राहिली. कोपऱ्यात बसून राहते बस."

"हात लावलेला?"

"बिलकुल नाही चालत. आई जवळ घेते तरी सरकते."

"झोप?"

"नाही लागत. खट झालं की दचकून उठते. आणि दाराकडेच बघत बसते, आत्या. तिला वाटतं, सगळे निघून जातील."

हे शेवटचं कापशीनं मला कधी सांगितलं होतं? आत्यानं ते विचारलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली... मग आईला हळूच म्हणाली, "पोरगी काय खाते?" बांधाबांधीत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं की माझंही ताट तसंच उठत होतं. मी आत्याला म्हटलं, मलाही दे ना एक गोळी. "माणसांना नाही देत मी," ती म्हणाली, आणि उठून अण्णांना सांगितलं, "वसंता, दोघींना घेऊन जाते. ठोकाठोकी झाली की बोलव."

तिच्या त्या एका खोलीत कापशीला खिडकीखाली टोपलीत ठेवलं आणि मला खाटेवर. हिंगाचा वास जाऊ दिला, मग आत्यानं एक बाटली काढली. "कॅप्सिकम. मिरचीपासून बनवतात. घर सुटलं की जे होतं ना, त्याच्यावर आहे." सशाला मिरची देणार म्हणून मी घाबरले. एक गोळी पाण्यात विरघळवून तिनं कापशीला चमच्यानं पाजली. मला वरणभात कालवून दिला, आणि शाळेच्या वह्या तपासत बसली. खोलीत खिळ्यांचा आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा कापशी मेथीची काडी कुरतडत होती. मीही जेवले. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की हिंगानं पोट मोकळं झालं. आत्या म्हणायची, मिरचीनं मन मोकळं झालं. मी तेव्हाही कुणाची बाजू घेतली नाही, आताही घेत नाही.

अण्णा न्यायला आले तेव्हा आत्यानं टोपलीवर फडकं बांधून ठेवलं होतं. "ने वापस. ठीक आहे आता." अण्णांनी मान हलवली. मी जिंकले होते. टोपली उचलली, दारापर्यंत गेले, आणि मागे वळून त्या खोलीकडे बघितलं. खाट, वह्या, पेटी.

"मग तुझ्याकडे कोण राहणार?" मी विचारलं.

आत्या पेटीच्या बाटल्या उगाचच नीट लावत बसली. मी टोपली खिडकीखाली परत ठेवली. मला फार दुःख झालं, खोटं कशाला सांगू. रस्ताभर रडले. पण ती कुणाच्या सांगण्यावरून ठेवली नव्हती, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

देवास गेटच्या बसस्टँडवर सगळी आळी निरोपाला आली, आत्या आली नाही. "पेशंट येणार आहे," म्हणाली. पुढे आम्ही दर सुट्टीत उज्जैनला यायचो. निघायच्या दिवशी ती डब्यात गूळपोळ्या भरून द्यायची, जिन्यापर्यंत यायची आणि म्हणायची, "मी नाही येत स्टँडवर. पेशंट येणार आहे." कापशी गेली, तिच्या जागी दुसरा ससा आला, मग तिसरा. आई-अण्णाही गेले. पेशंट काही थांबेनात. मी चिडवायची, "आत्या, उज्जैनचे ससे बरोबर माझ्या गाडीच्या वेळेला आजारी पडतात." ती म्हणायची, "पडतात."

दिवस झाल्यावर खोली आवरायला मी एकटीच गेले. पेटी खाटेखाली होती. बाटल्यांवरचे कागद पिवळे पडलेले, पण अक्षर जसंच्या तसं. एकाच बाटलीवरचा कागद बोटं लागून लागून पार पुसला होता, आणि तिचं बूचही नवं होतं. रेखाभाभी चहा घेऊन आल्या. ससा त्यांच्या पदराआड होता. माझ्या हातातली बाटली बघून म्हणाल्या, "ये वाली तो बुआजी खुद लेती थीं. मिर्ची वाली. आप लोग जिस दिन वापस जाते थे ना, जीने से ऊपर आकर सीधे पेटी खोलती थीं."

म्हणजे पेशंट खरोखरच असायचा.

बाटलीच्या तळाशी थोड्या गोळ्या उरल्या होत्या. भाभी खाली गेल्यावर मी त्यातली एक जिभेवर ठेवली. नुसती साखर होती. ती विरघळेपर्यंत मी तिच्या खाटेवर बसून राहिले, आणि माझी भोपाळची बस निघून गेली.