मेडिकली फिट शेषराव

शेषराव बांगरे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये एक लोखंडी कपाट लोंबकळत होतं. कपाट माझ्या बायकोच्या माहेरचं, वजन अंदाजे अर्ध्या दुर्ग जिल्ह्याएवढं. भिलाईत, रुआबांध्यातल्या आमच्या नव्या घराचा जिना इतका अरुंद की मीसुद्धा त्यातून तिरका होऊन चढत असे, म्हणून ते दोरांनी बांधून बाहेरूनच पहिल्या मजल्यावर ओढायचं ठरलं. हथखोजहून चार हमाल आणले. कपाट दहा फूट वर गेलं आणि तिथं त्याचा विचार बदलला. ते गरगर फिरायला लागलं. हमाल बजरंगबलीचा धावा करू लागले, बायको माहेरच्यांचा. गल्लीतली कुत्री भुंकणं सोडून एका ओळीत बसली. मी खाली उभा राहून "सांभाळून, सांभाळून" एवढंच म्हणत होतो, आणि त्याचा उपयोग शून्य होता.

तेवढ्यात समोरच्या गच्चीवर बनियन-लुंगीतला एक माणूस प्रकट झाला. तो एक शब्द बोलला नाही. त्याने हात आडवा केला, तळवा खाली. हमाल थांबले. मी शपथेवर सांगतो, कपाटही थांबलं. मग त्याने एक बोट वर करून हवेत लहानसं वर्तुळ काढलं, आणि कपाट शाळेतल्या हुशार मुलीसारखं सरळ वर गेलं. बोट खाली, वर्तुळ. कपाट गॅलरीत टेकलं. शेवटी त्याने पोटासमोर दोन्ही हात एकमेकांत गुंतवले. म्हणजे आता सगळं जागच्या जागी, कोणी काही हलवायचं नाही. पुढची दोन मिनिटं आमच्या गल्लीत कोणी नाक खाजवलं नाही.

मग ते खाली आले, कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाच टनाच्या खालचं वजन असलं की मले मजा नाई येत. चहा आहे का?"

शेषराव भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, क्रेन ऑपरेटर होते. स्टील मेल्टिंग शॉपमध्ये, वितळलेल्या पोलादाने भरलेली अवाढव्य बादली उचलणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. खाली आवाज इतका की बोलणं व्यर्थ. खालचा माणूस हाताने सांगणार, वरचा माणूस ऐकणार. हीच पद्धत त्यांनी घरी आणली. भात अजून हवा, तर बोट खाली आणि वर्तुळ. पंखा बंद, तर हात आडवा. अन्नपूर्णावहिनींना हे सगळं तोंडपाठ होतं. लग्न होऊन भिलाईला आल्या तेव्हा नवरा मुका आहे की काय असं त्यांना आठवडाभर वाटत होतं म्हणे.

बोलायची वेळ आलीच तर शेषरावांचा आवडता शब्द होता "नाई". त्यालाही कारण होतं. क्रेनवाल्यांची प्लांटच्या दवाखान्यात ठरावीक मुदतीने तपासणी होई. चक्कर येते का? दिसायला त्रास? छातीत धडधड? त्यांचा जोडीदार टिकाराम साहू एकदा सरळ मनाने बोलून गेला, "साहब, कभी-कभी चक्कर आथे." दुसऱ्या दिवशी टिकाराम खाली. रिटायर होईपर्यंत तो स्टोअरमध्ये हातमोजे वाटत बसला. वरून शेषरावांना त्याचं टक्कल दिसायचं. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की शेषरावांच्या तोंडून आपोआप "नाई" निघे. एकदा अंगात एकशे दोन ताप, थर्मामीटर तोंडात, आणि वहिनींनी विचारलं, "कसंतरी वाटून राहिलं का?" तर थर्मामीटरच्या बाजूने उत्तर आलं, "नाई." रिटायर झाल्यावर त्यांनी शेवटच्या तपासणीचा कागद फ्रेम करून देवघराशेजारी लावला. त्यावर शिक्का होता : फिट.

या फिट माणसाने आयुष्यात एकच गोष्ट लपवली होती, आणि ती मला सांगितली. गच्चीवर शेंगदाणे खात बसलो होतो. तीस वर्षांपूर्वी त्यांना मूतखड्याचा त्रास झाला. प्लांटला कळू नये म्हणून रजा टाकून नागपूरला गेले, तिथं फोटोत किडनी नीट दिसावी म्हणून शिरेतून डाई, म्हणजे एक रंगद्रव्य, देऊन एक्स-रे काढला. पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाला, पुढे कोणी ही डाई द्यायला लागलं तर आधी सांगा. शेषराव घरी आले आणि बायकोला म्हणाले, गांधीलमाश्या चावल्या.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, तिनं खरं मानलं."

इतकं खरं मानलं की वहिनींनी पुढची तीस वर्षं घराच्या आसपास एक पोळं टिकू दिलं नाही. धूर, रॉकेल, लांब बांबू. गल्लीतल्या माश्या त्यांच्या घराला वळसा घालून जामुलकडे जात. आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसलो. मी तर ही गोष्ट अजून दोन-तीनदा त्यांच्याकडून मुद्दाम वदवून घेतली.

दोन वर्षांपूर्वी शेषरावांच्या पोटात दुखायला लागलं. ते "नाई" म्हणत राहिले आणि वाकून चालत राहिले. शेवटी वहिनींनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने पोटाचं सीटी स्कॅन लिहून दिलं, डाईसकट. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमची गाडी काढा. तुमी संग असले की हे ऐकतात." मी जामुलच्या शाळेत गणित शिकवतो, त्या दिवशी रजा टाकली.

स्कॅन सेंटरमध्ये मोना नावाची टेक्निशियन मुलगी होती. चांगली मुलगी. तिने फॉर्म काढला आणि एकेक प्रश्न शेषरावांच्या डोळ्यांत बघून विचारला.

"अंकल, दमा है?"

"नहीं."

"किडनी की तकलीफ? शुगर?"

"नहीं."

"पहले कभी डाई का इंजेक्शन लगा? उससे खुजली, सूजन, उल्टी, कुछ हुआ था?"

मी शेषरावांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पोटासमोर दोन्ही हात एकमेकांत गुंतवले.

"नहीं," ते म्हणाले.

मोनाने टिक केली. मग सांगायला लागली : सुई गेल्यावर अंगभर गरम वाटेल, तोंडात लोखंडासारखी चव येईल, लघवी झाली असं वाटेल पण होणार नाही. बहुतेकांना एवढंच होतं, मिनिटभरात जातं. कोणाला मळमळ, खाज. क्वचित कोणाचा घसा आवळतो, श्वास अडकतो. त्याचं औषध आमच्याकडे तयार आहे, पण तुम्ही लगेच सांगायचं. तिने त्यांच्या हातात रबरी फुगा दिला. काही झालं की दाबायचा.

"गरमी?" शेषराव म्हणाले. "बेटी, मैंने चौंतीस साल पिघला लोहा उठाया है."

"वो बाहर का था, अंकल. ये अंदर से लगेगा."

ते आत गेले. बाकावर वहिनी आणि मी. वहिनींनी पदर सारखा केला आणि अचानक विचारलं, "भाऊजी, यायले पयले कधी असं काई झालं होतं का? तुमाले सांगतात ना सारं."

गणिताच्या मास्तरला हा सोपा प्रश्न होता. दार उघडं होतं, मोना सहा पावलांवर होती. माझ्या मांडीवर माझे दोन्ही हात एकमेकांत गुंतलेले होते. ते मी कधी गुंतवले, मला आठवत नाही.

"नाही," मी म्हणालो.

पुढचं मला नीट दिसतं, पण काचेपलीकडचं असल्यासारखं. आणि ते होतंच काचेपलीकडे. बाकावरून मोनाची खोली दिसत होती, तिच्या काचेतून आतलं टेबल. शेषराव उताणे, हात डोक्यावर घेतलेले, एका दंडाला नळी. टेबल आत सरकलं, थोडं बाहेर आलं. मोना माइकवर म्हणाली, "अंकल, अब दवा जा रही है." काही वेळ काहीच झालं नाही.

मग शेषरावांनी दोन्ही हात खाली आणले आणि छातीवरून आडवे, डावीकडे-उजवीकडे, जोरात हलवायला लागले. फुगा हातातून सुटून लोंबत होता.

मोना माइकवर म्हणाली, "अंकल, हाथ मत हिलाइए, फोटो खराब होगी."

तो इशारा मला येत होता. त्यांनीच शिकवला होता. इमर्जन्सी स्टॉप, जो दिसेल त्याने थांबवायचं, विचारत बसायचं नाही. मला तो कळला, आणि मी बसून होतो.

वहिनी उठल्या. चपला तिथंच राहिल्या. त्या मोनाच्या खोलीत शिरून ओरडल्या, "बंद करा! ते बंद म्हणून राहिले! बंद!"

मोनाने बंद केलं. ती धावत आत गेली, डॉक्टर धावत आले. शेषरावांचे ओठ सुजले होते, मान लाल, श्वास शिट्टीसारखा. मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. पंधरा-वीस मिनिटांत शिट्टी कमी झाली. मी वहिनींच्या चपला उचलून त्यांच्या पायाशी नेऊन ठेवल्या. त्या दिवशी मी केलेलं काम एवढंच.

शेषरावांना एक दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं. दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी खुर्चीवर होत्या. डॉक्टरने विचारलं, "फुगा का नाही दाबला?"

शेषराव म्हणाले, "दाबला असता तर रेकॉर्डमधी आलं असतं."

डॉक्टर हसले. मीही सवयीने हसलो. मग डॉक्टर म्हणाले, "इतकं जोरात झालं म्हणजे पूर्वी कधीतरी थोडं झालं असेल. आठवतं का?"

शेषराव छताकडे बघत होते. मग त्यांनी मान डोलावली. "हो," म्हणाले. "नागपूरले." आणि सगळं सांगितलं, गांधीलमाश्यांसकट. मी त्यांच्या तोंडून "हो" पहिल्यांदा ऐकला. तो फारच साधा निघाला.

वहिनी त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

"तुमाले मालूम होतं?"

"हो," मी म्हणालो.

त्या उठल्या, थर्मासमधून चहा ओतून मला दिला. चहा चांगला होता. मी तो संपवला.

जाताना डॉक्टरांनी एक कार्ड दिलं. लाल अक्षरांत लिहिलेलं : डाईची गंभीर ॲलर्जी. ते कायम खिशात ठेवायचं. शेषरावांनी घरी आल्यावर देवघराशेजारची फ्रेम उतरवली. कार्ड तिथं लावलं नाही, ते वहिनींच्या पर्समध्ये असतं. भिंतीवर एक चौकोन तेवढा पांढरा राहिला. आता ते गच्चीवर येतात, शेंगदाणे खातात, हात मांडीवर ठेवून बसतात. भात हवा असेल तर "भात दे" म्हणतात. मी विचारतो, "कसं काय?" ते म्हणतात, "ठीक आहे." आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल बोललेलो नाही. मला वाईट वाटायला हवं, हे मला माहीत आहे. मी त्याची वाट पाहतो आहे.

दुसरं स्कॅन डाईशिवाय झालं. त्यात काही निघालं नाही. पोटदुखी बद्धकोष्ठाची होती, इसबगोलाने गेली.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर गांधीलमाश्यांचं पोळं झालं आहे. वाटीएवढं. ते कोणी काढत नाही. वहिनी मला आता भाऊजी म्हणत नाहीत, माधवराव म्हणतात.

मागच्या महिन्यात शेषरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला गाडी काढायला कोणी सांगितलं नाही, ते ऑटोने गेले.