वजनात बसवलेला भाऊ

माझा भाऊ शहाण्णव किलोचा होता तेव्हा ठणठणीत होता. पोट सुटलेलं, जिना चढताना धाप, जेवणावर पान आणि पानावर तासभर झोप, पण ठणठणीत. त्याला अठ्ठ्याहत्तर किलोवर मी आणला. आज त्याची जी अवस्था आहे तीही मीच आणली. हे आता लिहिता येतं, कारण आता लपवायचं कोणापासून उरलेलं नाही.

आम्ही तीर्थपुरीचे. मी अंबडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, त्याआधी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळले. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याचा धंदा मोसंबीचा. बाग ठरवायची, माल तोडून घ्यायचा, पिकअपमध्ये भरून जालन्याला पोचवायचा. चाळिशी दोन वर्षांवर आली आणि त्याच्या डोक्यात गाड्यांच्या शर्यतीचं खूळ शिरलं. जुना जालन्यातल्या तिघांशी त्याची दोस्ती होती. एकाचं कापडाचं दुकान, एक सळईच्या कारखान्यात सुपरवायझर, तिसऱ्याचं गॅरेज. चौघांनी मिळून एक जुनी जीप घेतली, वरचं टप काढून टाकलं आणि आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करून घेतला. गाडी उलटली तर माणूस चेपू नये म्हणून. शर्यत हौशी लोकांचीच असायची. माळावर दगडधोंड्यांतून वाट आखायची, एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. ज्याला वेळ कमी लागला तो पहिला.

पहिल्या शर्यतीहून तो परत आला तो मान धरूनच.

"आक्का, मान गेली माझी. हात तर खांद्याच्या वर जाऊच न्हाई राह्यले."

मी खो खो हसले. म्हटलं, "इंजिन गाडीला हाय ना? मंग दम तुला कसा काय लागला?"

तो भयंकर चिडला. पुढच्याच रविवारी त्यानं मला हेल्मेट घालून शेजारी बसवलं, पट्टे आवळले आणि माळावर गाडी सोडली. दहा मिनिटांत मी उतरले ती पिंजऱ्याचा पाइप धरूनच. प्रत्येक दगडाला ते हेल्मेट मान उपटायला बघत होतं. पट्ट्यांनी खांदे सोलून निघाले होते, पायाखालून इंजिनाची धग येत होती. आणि हा गडी ते सगळं सोसून वर स्टिअरिंगशी झोंबत होता. मी आयुष्यभर पोरींना पळवलं, पण बसल्या जागी माणूस इतका दमतो हे मला माहीत नव्हतं. हा खेळ आहे, हे मी त्या दिवशी कबूल केलं. आणि खेळ म्हटला की माझा हक्क लागू होतो, असं मला तेव्हा वाटायचं.

त्यातून ते सीट. जीपमध्ये त्यांनी शर्यतीचं खोलगट सीट बसवलं होतं, दोन्ही बाजूंनी कवेत घेणारं. भाऊ त्यात मावत नव्हता. दोघांनी खांद्यावर दाब देऊन त्याला आत कोंबला, तिसऱ्यानं त्याचा व्हिडिओ काढला. भाऊसुद्धा हसत होता. मला मात्र तो व्हिडिओ लागला. माझ्या भावाला कोणी पोत्यासारखं दाबून बसवावं? मी तिथंच सांगून टाकलं, "उन्हाळ्याच्या शर्यतीला ह्याला ऐंशीच्या आत आणून दाखवते. लिहून घ्या."

मग मी त्याला सोडला नाही. पहाटे कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं पळवायचे. सुरुवातीला विजेचे दोन खांब ओलांडेपर्यंत पळून तो खाली बसायचा, चार महिन्यांनी न थांबता शिवेपर्यंत जाऊन यायला लागला. हेल्मेटला सायकलची ट्यूब बांधायची, ट्यूब लिंबाच्या झाडाला, आणि ती मानेनं ताणून धरायची. पुढं, मागं, दोन्ही बाजूंना. तेलाचे पाच लिटरचे दोन डबे भरून स्टिअरिंगसारखे समोर धरायला लावायचे. हात थरथरायला लागले की मी मुद्दाम त्याला पाढे विचारायचे, कारण दमलेल्या डोक्यानंही वाट चुकता कामा नये. भिंतीवर चेंडू मारून झेलायला लावायचे. चैत्र लागल्यावर भर दुपारी स्वेटर घालून चालवायचे. अंगाला उन्हाची सवय व्हावी म्हणून. भावजयीनं तूप कुलपात ठेवलं. ती एकदा हळूच म्हणाली, "आक्का, जरा कमी करा ना, लई वाळून राह्यले." मी तिच्यावर डाफरले. माझा स्वभाव तसा आहे. मला आडवं बोललेलं खपत नाही आणि माझं बरोबर चाललंय असं वाटत असलं की मुळीच खपत नाही.

आणि बरोबर चाललंच होतं. हे मी आजही म्हणते. त्याची मान बैलासारखी झाली, धाप गेली, सीटमध्ये तो सहज बसायला लागला. तिथं थांबले असते तर आज मी हे लिहीत नसते.

शर्यत पंधरा दिवसांवर आली आणि काटा एक्क्याऐंशीवर अडकला. मोसंबी तोलायच्या काट्यावर मी रोज त्याला उभा करायचे. काही केल्या खाली येईना. शर्यतीत वजन कोणी बघत नव्हतं, एक किलोनं काही अडत नव्हतं. अडत होतं ते माझं. मी चारचौघांत शब्द दिला होता.

आमच्या कबड्डीत एक शब्द आहे, वजनात बसवणं. शालेय गटात वजनाची मर्यादा असते. चांगली पोरगी किलोभरानं जास्त भरली तर तिला आदल्या दिवसापासून पाणी द्यायचं नाही. चिंच चघळायला द्यायची आणि थुंकायला लावायचं. सकाळी काट्यावर बसते बरोबर. मला माझ्या सरांनी असंच बसवलं होतं, मीही कितीतरी पोरींना बसवलं. यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. पण कबड्डीत पंचांनी वजन लिहून घेतलं की पोरी तशाच नळावर धावतात. तो उपास तिथं संपतो, सामना नंतर असतो. शर्यतीत लिहून घेणारे पंचच नव्हते. त्यामुळे "आता पी" म्हणायची वेळ कुठली, हे मी ठरवलंच नाही. इतकी साधी गोष्ट. वीस वर्षं खेळ शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आली नाही.

आदल्या दिवशी सकाळपासून मी त्याचं पाणी बंद केलं. शर्यतीच्या दिवशी तो काट्यावर अठ्ठ्याहत्तर भरला. मी टाळी दिली. अर्धा कप चहा दिला आणि म्हणाले, आता पाणी प्यालास तर परत वाढशील, शर्यत होईस्तोवर दम धर. तो "बराबर" म्हणाला. माझ्या शब्दाबाहेर तो कधीच नव्हता.

पहिल्या फेरीत त्यानं त्याच्या आयुष्यातला सगळ्यात कमी वेळ काढला. तिघं दोस्त नाचले, मी तर शिट्टी वाजवली. दुसरी फेरी तासाभरात व्हायची होती, पण पुढची एक गाडी वाटेतच उलटली आणि ती काढेपर्यंत सगळं थांबलं. दोन तास. भर दुपार, पत्र्याच्या शेडखाली सगळे ड्रायव्हर गळ्यापर्यंत चेन लावलेल्या जाड सुटात उभे. बाकीचे बाटल्यांवर बाटल्या रिचवत होते. गॅरेजवाल्यानं ह्याच्याही पुढं बाटली धरली. त्यानं ती घेतली आणि माझ्याकडं बघितलं.

"आक्का, एक घोट?"

मी म्हणाले, "चूळ भर आन् थुंक."

त्यानं चूळ भरली. थुंकला. बाटली परत दिली.

दुसऱ्या फेरीत शेवटच्या वळणावर गाडी वळलीच नाही. तिचा वेग कमी कमी होत गेला आणि ती सरळ नांगरटीत जाऊन बांधाला टेकली. आम्ही धावलो. पिंजरा शाबूत, गाडीला ओरखडा नाही. हा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेला. हेल्मेट काढलं तर चेहरा लालभडक आणि अंगावर घामाचा टिपूस नाही. अंग तव्यासारखं तापलेलं. तो मला म्हणाला, "माल उतरवला का?" पुढचं काही समजलं नाही.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून पाणी पीत होते का?"

भावजय माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा दंड घट्ट धरला होता.

"हो," मी म्हणाले. "पीत होता."

हे कसं तोंडातून निघालं, मला सांगता येणार नाही. म्हणजे येईल. मी भ्याले. वर्गात चुकलेल्या पोराला मी सगळ्यांसमोर उभं करते, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी सहज खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी आली, तीही थोडीशीच. डॉक्टर परत तेच विचारायला लागले तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं आणि दीड दिवसाचा हिशेब सांगितला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हे कालच कळायला हवं होतं." सलाईन तर त्यांनी आल्याआल्याच लावलं होतं. काल कळलं असतं तर फरक पडला असता का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. उन्हानं आणि कोरडं पडल्यानं स्नायू आतून फुटतात, त्याचा कचरा किडनीत अडकतो, एवढं त्यांनी समजावलं. किडनी आधीपासून थोडी कमजोर असेलही, असंही म्हणाले. हे "असेलही" मी पुष्कळ दिवस उशाशी घेऊन झोपले.

किडनी परत पूर्ण चालू झालीच नाही. तो आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. धंदा भावजय बघते. फोनवर बाग ठरवते, मजुरांना ओरडते, शिकली ती. घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की ऊन लागलं. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आक्कानं लई मेहनत घेतली. माझंच शरीर धोकेबाज निघालं." प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता बोलावं. प्रत्येक वेळी कोणीतरी विषय बदलायचं आणि मला बरं वाटायचं.

यंदा माघात, उन्हाळ्याच्या शर्यतीची तयारी सुरू झाली तेव्हा, ते तिघं दोस्त भेटायला आले. रविवारची दुपार. भाऊ खाटेवर उशीला टेकून बसला होता. त्याच्या जागी आता कापडवाला गाडी चालवणार होता. भावाला त्यात इतका आनंद झाला की किती दिवसांनी त्याचा आवाज चढला. मानेचा व्यायाम, ट्यूब, डबे, सगळं त्यानं सांगितलं. कापडवाला फोनवर टिपून घेत होता. मग भाऊ म्हणाला, "आन् शेवटची गोष्ट, शेवटच्या दिवशी पाणी बिलकुल बंद. हलका होतो माणूस. आक्काचा फॉर्म्युला हाय हा. पहिल्या राउंडचा माझा टाइम पाह्यला ना?" आणि माझ्याकडं वळून, अभिमानानं, "सांग ना आक्का ह्याला बराबर."

कापडवाल्याला दोन लहान मुली आहेत.

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. नुसत्या उन्हानं नाही, पाणी तोडल्यानं झालं. मी तोडलं. त्यानं शेडमध्ये मागितलं तेव्हा मी थुंकायला लावलं. भावजय चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. गॅरेजवाला खाली बघत म्हणाला, "बाटली मीच देल्ती." कापडवाल्यानं फोन खिशात ठेवला. थोड्या वेळानं तिघंही उठले. चपला घालून निघाले.

भावानं पाठीमागची उशी सरळ केली. मग त्यानं विचारलं, "दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं असंल ना?"

"व्हय."

"मंग काय सांगितलं तू?"

"पीत होता म्हनून सांगितलं."

"मी शुद्धीत न्हवतो तवा."

"न्हाई."

त्यानं मान हलवली. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी त्याचीच वाट बघत होते. ओरडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे मला येतं. त्यानं बायकोला खूण केली. तिनं ट्रे माझ्यासमोर स्टुलावर ठेवला आणि माझ्याकडं न बघता आत गेली. मी तशीच उभी होते.

आयुष्यात मला "आक्का, तू" याशिवाय हाक न मारलेला माझा भाऊ म्हणाला, "मॅडम, बसा. तुमचा च्या गार होऊन राह्यला."