समुद्र : शुल्क निरंक

दिवाळीनंतरचा दुसरा शुक्रवार. मंजूर खर्च अडतीस हजार रुपये. उपस्थित चार जण : मी, पत्नी सुनंदा, कॉलेजात जाणारी मुलगी मुक्ता आणि एकाहत्तर वर्षांची माझी आई. ठिकाण विशाखापट्टणम. समुद्रकाठच्या शहरात राहून आपल्या आईला समुद्र दिसू न देणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आम्ही ते दोन दिवस यशस्वीपणे केलं.

मुळात सहल होती ती आईनं समुद्र पाहावा म्हणूनच! लग्न झालं तेव्हा बाबांनी तिला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. मग पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत ते दर रविवारी सायकलवर डबलसीट तिला नागपुरातल्याच फुटाळ्याच्या तलावावर न्यायचे, एक भुट्टा दोघांत घ्यायचे आणि सांगायचे, ‘‘यालेच मोठं केलं का समुद्र होते. फरक काही नाही.’’ बाबा गेले, फुटाळ्यावर रोषणाई आली, भुट्ट्याचे भाव कुठल्या कुठे गेले. पण आईच्या मनातला समुद्र तेवढा तसाच राहिला होता. जानेवारीत तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि ती म्हणाली, ‘‘त्याच्या आंधी एक डाव समुद्रात पाय बुडवून घेतो गा, स्वतःच्या गुडघ्यावर.’’

मी सरकारी खात्यात लेखा शाखेत आहे. मी तक्ता केला. पाणबुडीला तिकीट, रोपवेला तिकीट, गुहांना तिकीट, आणि या सगळ्यांना उघडण्या-मिटण्याच्या वेळा. समुद्राला ना तिकीट, ना वेळ, ना सोमवारची सुट्टी. तेव्हा तो तिसऱ्या दिवशी, शेवटी. (समुद्र कुठे पळून जातो, असा माझा हिशेब होता.) हॉटेलातही ‘सी फेसिंग’ खोलीला रोज आठशे रुपये जास्त होते. फुकटची वस्तू खिडकीतून पाहायचे आठशे? मी मागची खोली घेतली. खिडकीतून एका बॅंकेचं जनरेटर दिसायचं.

स्टेशनवरून ऑटोत बसल्याबसल्या आईनं विचारलं, ‘‘समुद्राले कवा जाऊन राहिलो आपण?’’

‘‘रविवारी, आई.’’

‘‘मंग तोपर्यंत मी त्याले पाह्यत नाही.’’ आणि तिनं पदर डोळ्यांवरून खाली ओढला.

‘‘आई, तो रस्त्यातच आहे! दिसणारच!’’

‘‘देवाचं पयलं दर्शन का कोणी ऑटोतून घेते? आंघोळ करीन, नारळ देईन, पाय बुडवीन, मंग पाहीन. इतके वर्षं थांबली, दोन दिवसानं काय होते?’’

इथं कोणाही शहाण्या माणसानं तक्ता बदलला असता. पण पाणबुडीचं तिकीट मी ऑनलाइन काढलेलं होतं!

ती पाणबुडी म्हणजे नौदलाच्या जुन्या पाणबुडीचं केलेलं संग्रहालय, आणि ते नेमकं समुद्राच्या वाळूवर उभं. आईला मी उजवीकडून धरलं, सुनंदानं डावीकडून. मुक्तानं समुद्राच्या बाजूला छत्री आडवी धरली. मागे रायपूरचं एक कुटुंब होतं. त्यातल्या बाई हळहळल्या, ‘‘अम्माजी को दिखता नहीं क्या?’’

‘‘दिखता है,’’ मी म्हणालो, ‘‘पर अभी नहीं.’’

त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली ती मी विसरलेलो नाही. आत गेलो. पाणबुडीला खिडक्या नसतात, याची आईनं सुनंदाकडून खात्री करून घेतली आणि खाडकन पदर वर केला. ‘‘अवं सुनंदा, पाह्य वं, एवढ्याशा सैपाकघरात इतक्या माणसाईचा सैपाक! अन् तुले आपला ओटा पुरत नाही!’’

रायपूरच्या बाई किंचाळल्या, ‘‘अम्मा को दिखने लगा!’’ त्यांनी तिथंच आईचे पाय धरले, मग नवऱ्याला धरायला लावले. आईनं दोघांना यथासांग आशीर्वाद दिला. (नाही म्हणायची तिला सवय नाही.) पाच मिनिटांनी बाहेर येताना तिनं पुन्हा पदर ओढला, तेव्हा त्या बाईंना रडूच आलं.

दुपारी कैलासगिरीची टेकडी. रोपवेत बसलं की खाली डोंगर आणि अर्धं जग समुद्र. लोक ‘वॉव’ म्हणत होते. आई डोळे गच्च मिटून, वरून हात धरून बसलेली. डोळे मिटून बसायलाही तिकीट पूर्णच पडतं, हे मी बोलून दाखवलं, तर सुनंदा म्हणाली, ‘‘अहो, आता एक शब्द नको.’’

‘‘आजी, बोटाच्या फटीतून पाह्य ना थोडा,’’ मुक्ता म्हणाली.

‘‘मले फितवू नको वं. आवाज आयकून राहिली, तेवढा पुरे.’’

दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या गुहा. समुद्रापासून लांब, म्हणून आईनं डोळे सताड उघडे ठेवले. आणि आत मिट्ट काळोख! ‘‘बाप्पा, उघडे ठेवले तं इथं काही दिसतच नाही,’’ ती म्हणाली. मुक्ता इतकी हसली, की गाईडनं तिला बाजूला बसवून पाणी पाजलं.

रविवार उजाडला. आई पहाटेच न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, नारळ घेऊन तयार. आकाश काळं झालेलं. मी म्हटलं, थोडं उजाडू द्या. मग नाश्ता हॉटेलच्या भाड्यातच धरलेला होता, तो सोडायचा कसा? किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सगळीकडे दोर बांधलेले आणि एक हवालदार शिट्टी फुंकत उभा.

‘‘नो, नो! तूफान! कल आना!’’

‘‘साहब, कल तो हम नागपूर में रहेंगे. आज शाम की गाडी है.’’

‘‘सुबह खुला था,’’ तो म्हणाला. ‘‘अभी बंद किया. आधा घंटा हुआ.’’

अर्धा तास! म्हणजे नेमका तो नाश्ता! आई फुटपाथवर समुद्राकडे पाठ करून, डोळ्यांवर पदर घेऊन, नारळ छातीशी धरून उभी होती. तिच्या पाठीमागे तो नुसता गरजत होता.

‘‘काय झालं गा?’’ तिनं विचारलं.

‘‘बंद आहे, आई.’’

‘‘समुद्र बंद आहे?’’

‘‘हो. तू आता बघून तरी घे लांबून. पाय बुडवायला...’’ आणि माझ्याच तोंडून ते शब्द बाहेर पडले, ‘‘पुढच्या वर्षी आणतो.’’

ती पदराआडूनच म्हणाली, ‘‘अगदी त्यायच्यासारखा बोलला.’’

तिचं ऑपरेशन, तिचे गुडघे, बाबांची ती सायकल असं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी हवालदाराला दोन शब्द सांगावेत म्हणून वळलो, एवढ्यात मुक्ता ओरडली, ‘‘बाबा, मागं!’’

लाट कठड्यावरून आली. आधी मला वाटलं भिंतच पडली. आम्ही चौघं आणि हवालदार असे पाचही जण नखशिखांत भिजलो. त्याची शिट्टी तोंडातच बुडबुडली. पाणी ओसरलं तेव्हा आईचा पदर डोक्यावर नव्हता. ती हळूहळू मागे वळली.

जन्मभर घरात सगळ्यांत जास्त बोललेली ती बाई. बघतच राहिली. पायांवरून पाणी परत जात होतं. मग तिनं ओठ चाटले.

‘‘खारट आहे वं!’’ ती सुनंदाला म्हणाली. ‘‘अन् हा माणूस मले आयुष्यभर सांगे, फुटाळ्यात अन् याच्यात फरक काही नाही!’’ ती हसायला लागली. गाल तर सगळ्यांचेच ओले होते, त्यामुळे बाकीचं कळायला मार्ग नाही. हवालदारानं काही न विचारता तिच्या हातातला नारळ घेतला, दोराच्या टोकाशी जाऊन नमस्कार केला आणि लांब भिरकावला.

परतीच्या गाडीत आईनं अख्ख्या डब्याला सांगितलं, ‘‘मी नाही गेली. तोच आला भेटाले.’’ आजही ती फुटाळ्यावर भुट्टा खाताना तलावाकडे जरा हलक्या नजरेनंच पाहते.

राहता राहिला माझ्या खिशातला मोबाईल. नागपुरात परतल्यावर सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, नाकाशी नेला आणि विचारलं, ‘‘काकाजी, पाण्यात पाडला का?’’

‘‘नाही. पाणी त्याच्यावर पडलं.’’

‘‘मिठाचं पानी आहे. बोर्ड गेला. सहा हजार चारशे होतीन.’’

दिले. पाणबुडी, रोपवे, गुहा, चौघांचं सगळं धरूनही एवढे झाले नव्हते. त्याच मोबाईलमध्ये माझा तक्ता होता. दुरुस्त होऊन आल्यावर पहिला तोच उघडला. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं : रविवार, समुद्र, शुल्क निरंक.