गळ्याइतक्या पाण्यातला वेल

मला अर्धवट बांधकामं बघायला आवडतात. पुलाचे नुसते खांब, खोदलेला रस्ता, पाइपांची रांग, त्यावर वाळत घातलेले मजुरांचे कपडे. घरचे माझी थट्टा करतात, की लोक सुट्टीत देवदर्शनाला जातात आणि ही खड्डे बघायला. म्हणून जुलैमध्ये भंडाऱ्याहून मंगलाचा फोन आला, "अगं, आमच्याकडे सध्या सगळंच खोदलंय, ये," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मंगला माझी वसतिगृहातली मैत्रीण. तिथे शाळेत शिकवते आणि घराजवळच्या तलावासाठी नागरिकांचा एक गट चालवते. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "तलावात यंदा पुन्हा शिंगाडा लावायचा आहे. लागतो की नाही, कुणालाच माहीत नाही." तिचा आवाज जरा उतरलेला होता. मी त्याच आठवड्याचं तिकीट काढलं.

नाशिकहून गोंदियाच्या दिशेने जाणारी रात्रीची गाडी सोयीची पडते. मात्र सगळ्या गाड्या भंडारा रोडला थांबत नाहीत, तेवढं बघून घ्या. आणि स्टेशनवर उतरलात म्हणजे शहरात पोचलात असं समजू नका. स्टेशन वरठीला आहे, तिथून शहरापर्यंत शेअर ऑटो मिळतात. पावसाळ्यात जाणार असाल तर कातडी चपला घरीच ठेवा. मी ठेवल्या नाहीत, त्या तिथेच टाकून आले.

ऑटोवाल्याने मला एवढ्या गल्ल्यांतून फिरवलं की तो मुद्दाम लांबून नेतोय असं वाटून मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "म्याडम, हा रोड मागच्या साली बनवला, आता पाइपासाठी खोदून राहिले. पाइप झाला का मंग पुन्हा बनवतीन. तवा या, सरळ नेतो तुमाले." रस्त्याच्या कडेला पितळी भांड्यांची दुकानं होती आणि दुकानदार दारात फळी टाकून गिऱ्हाइकांना चिखलावरून आत घेत होते. कुणी चिडलेलं दिसलं नाही. चिडलेली मी एकटीच होते.

संध्याकाळी मंगला तलावावर घेऊन गेली. तलावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढची गोष्ट काही माणसांच्या घरातली आहे. काठाच्या उतारावर दगड रचून पिचिंग झालंय, वर फिरायला फरसबंद वाट, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली नवी बाकं. पलीकडे वॉर्डातल्या लोकांनी श्रमदानाने लावलेली झाडं, प्रत्येकाभोवती बांबूचं कुंपण. खरं सांगायचं तर मला ते सगळं आवडलं. आधी इथे कचऱ्याचा ढीग होता, म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा नव्हती. आता दिवे लागायच्या आधीच वाटेवर फिरणाऱ्यांची गर्दी होती.

नाल्याचं पाणी जिथे तलावात येतं त्या कोपऱ्यात एक बाई लुगड्यासकट पाण्यात उतरत होती. मंगला म्हणाली, "या शेवंताबाई." बाई एकेक पाऊल चाचपत पुढे गेल्या. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याशी येऊन थांबलं. तिथे त्या थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन पदर पिळत म्हणाल्या, "इतलं पानी असलं का जमते. याच्यावर गेलं का बाई बुडते."

शिंगाडा कसा लावतात ते मला तेव्हा कळलं. वेलांची जुडी बांधायची, पाण्यात उभं राहून ती पायाखाली घ्यायची आणि अंगठ्याने तळाच्या चिखलात दाबायची. हात खाली पोचत नाहीत, सगळं काम पायाचं. म्हणून पाणी लावणारीच्या गळ्याइतकंच हवं. एकदा मूळ धरलं की पाणी चढेल तसा वेलही चढतो. इथल्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, घरांतून मासे पुरुष धरतात आणि शिंगाडा बायका लावतात. या तलावाची शहराकडची सगळी बाजू पूर्वी उथळ होती आणि कार्तिकात ती हिरवीगार असायची, असं मंगला सांगत होती.

"मग ती बाजू खोदली कशाला?" मी विचारलं. मला वाटलं होतं, नेहमीप्रमाणे कुणा साहेबाचं नाव निघेल.

थोड्या अंतरावर एक उंच माणूस जाळं दुरुस्त करत बसला होता. शेवंताबाईंचे मालक, देवरामभाऊ, मच्छीमार सोसायटीतले जुने. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं. "मीच म्हनलो. साहेब इचारायले आले होते, तुमाले काय पाह्यजे. आमी सारे बसलो होतो. खोल करा म्हनलो, चारी बाजूनं खोल करा. उन्हाळ्यात पानी आटे, मासोळी उलटी होऊन तरंगे, ते पाहवत नव्हतं."

"आणि बायका?"

"बायका बाजारात होत्या, मासोळी इकायले." ते पुन्हा जाळ्याकडे वळले.

म्हणजे कुणी फसवलं नव्हतं. विचारायला आलेल्यांनी विचारलं, आणि यांनी मनापासून जे वाटलं ते मागितलं. ते मिळालंही. फक्त सकाळी मासा विकायला गेलेल्या बायका परत यायच्या आत सभा संपली होती. आता तलाव चारी बाजूंनी खोल आहे. नाल्याच्या कोपऱ्यात दलदल होती, तिथे मशीन पुरतं शिरलं नाही, म्हणून तेवढाच एक तुकडा गळ्याइतका राहिलाय.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेल आणायला सानगडीला निघालो. तलाव कोरडा करून काम चाललं होतं, तोवर दोन उन्हाळे शेवंताबाईंनी वेल आपल्या बहिणीकडे तिथल्या तलावात जगवला होता. भाड्याचा छोटा टेम्पो होता. पुढे ड्रायव्हर आणि मंगला, मागे शेवंताबाई आणि मी. तुम्ही जाल तेव्हा साकोलीपर्यंत एसटीने जा, गाड्या भरपूर आहेत. मागच्या हौद्यात बसून हायवेवर जाण्यात काही मजा नाही, हे मी स्वतःच्या कंबरेच्या अनुभवावरून सांगते. लाखनीला चहा आणि गरम आलूबोंडा खाल्ला. ट्रकांच्या आवाजात बोलणंच अशक्य होतं. पुढे दोन्हीकडे धानाची रोवणी चाललेली, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांच्या रांगा.

साकोलीहून आत वळल्यावर जरा शांत झालं. मी शेवंताबाईंना विचारलं, शिंगाड्याचं बेणं बाजारात मिळत नाही का, एवढी धडपड कशासाठी.

"मिळते ना. कायले नाही मिळत," त्या म्हणाल्या. "पर मंग ते इकत घेतलेलं होते. हा वेल मी लग्न होऊन आली तवापासून माह्या पायाखालचा हाय." मग थोड्या वेळाने, मी काही न विचारताच, "दोन साल झाले. मी मालकायले याच्यावरून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तं बरं झालं असतं."

 

सानगडीत शेवंताबाईंची बहीण, यमुनाबाई, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आमची वाटच बघत होती. वेल काढून, ओल्या पोत्यांत भरून तयार ठेवला होता. पण यमुनाबाई तो तसाच उचलू देईना. प्रत्येक पोत्याला तिने हळदकुंकू लावलं, तोंडाशी मूठभर तांदूळ घातले. रिकामा वेल कुणी कुणाला देत नाही, ती म्हणाली, लेकीची ओटी भरतात तशी याची भरायची. शेवंताबाईंनी पदर पुढे केला तेव्हा यमुनाबाई हळूच म्हणाली, "बाई, आता हा वापस आनू नको. आमचाबी तलाव पुढच्या उन्हाळ्यात खोदून राहिले म्हनतात. मंग मी कोठं ठेवू?"

"नाही आनत," शेवंताबाई म्हणाल्या.  यमुनाबाईकडे भात आणि झिंग्यांचा रस्सा जेवलो. इतका चांगला रस्सा मी आयुष्यात खाल्ला नाही.

परतताना माझ्याकडे एक काम होतं. बादलीतलं पाणी मगाने पोत्यांवर शिंपडत राहायचं. ड्रायव्हरची गाडी ओली होत होती म्हणून तो कुरकुरला, मंगलाने त्याला शाळामास्तरणीच्या आवाजात गप्प केलं. पोत्यांना तळ्याचा वास होता, गढूळ आणि गार. शहरात शिरताना पाऊस सुरू झाला आणि तो रात्रभर थांबला नाही. कौलांवर तो आवाज ऐकत मी पडून होते. एरवी मला पाऊस आवडतो. त्या रात्री मी त्याला शिव्या दिल्या.

सकाळी नाल्याच्या कोपऱ्यात पाणी चढलेलं होतं. शेवंताबाई परवाच्याच जागी गेल्या आणि पाणी त्यांच्या ओठांवर आलं. टाचा उंच करून त्यांनी एक जुडी पायाखाली घ्यायचा प्रयत्न केला, नाकातोंडात पाणी गेलं, लावणीला आलेल्या दोघी बायकांनी धरून बाहेर काढलं. कामावरचा सुपरवायझर छत्री घेऊन धावत आला. तरुण, भला पोरगा. मंगलाने विचारलं, इथे थोडी माती परत टाकता येईल का. तो म्हणाला, "मॅडम, गाळ शेतकऱ्यांनी नेला, आता त्यात धान रोवलंय. आणि भरल्या तलावात मशीन कसं उतरवू?" त्याचं खरंच होतं. पाणी आता हिवाळ्यापर्यंत उतरणार नव्हतं आणि पोत्यातल्या वेलाने फार तर आणखी एक दिवस तग धरला असता. बायकांनी बांबूच्या टोकाने जुड्या दाबून पाहिल्या. बांबू उचलला की जुडी वर. एक, दुसरी, तिसरी, सगळ्या तरंगत काठाला येऊन लागल्या.

शेवंताबाई दगडांवर बसल्या. त्या रडल्या नाहीत. भिजलेल्या पोत्यावर हात ठेवून नुसत्या पाण्याकडे बघत होत्या. मला मात्र रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, कारण मी तर पाहुणी.

देवरामभाऊ पाळीवरून उठून आले. सदरा काढून दगडावर ठेवला आणि पाण्यात उतरले. बायकोच्या ओठांवर येणारं पाणी त्यांच्या बरोबर गळ्याशी आलं. तिथे उभं राहून त्यांनी जुडीसाठी हात मागे केला. शेवंताबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मंगलाने पाण्यात शिरून एक जुडी देवरामभाऊंच्या हातात दिली.

पाळीवर बसलेल्या सोसायटीतल्या माणसांत हशा पिकला. "काहून गा देवराम, आता लुगडं बी नेसतं का?" एकाने विचारलं. फिरायला आलेली शहरातली मंडळी बाकांपाशी थांबली. देवरामभाऊंनी जुडी खाली नेली, पाय दाबला, आणि ती त्यांच्या खांद्यापाशी वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर. ज्या माणसाचं सगळं आयुष्य याच पाण्यात गेलं होतं त्याला पायाखाली एक वेल टिकवता येत नव्हता. "सुटून राह्यला," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

तेव्हा शेवंताबाई उठल्या. पाण्याच्या कडेशी येऊन म्हणाल्या, "एकदम अंगठा नका दाबू. आधी टाचेनं चिखल उकरा. मंग जुडी ठेवा. मंग अंगठा. घाई नका करू."

देवरामभाऊंनी तसं केलं. जुडी खालीच राहिली. शेवंताबाई छातीपर्यंत पाण्यात शिरल्या आणि त्यांनी पुढची जुडी आपल्या हाताने नवऱ्याकडे दिली. मघाशी हसलेल्यांपैकी एक जण, तोही चांगला उंच, सदरा काढायला लागला. दुपारपर्यंत चार पुरुष पाण्यात होते आणि छातीइतक्या पाण्यात उभ्या राहिलेल्या बायका त्यांना जुड्या देत, चुकलं की रागावत होत्या. पोती रिकामी झाली तेव्हा पोत्यांतले तांदूळ शेवंताबाईंनी पाण्यात सोडले. 

मी त्याच रात्री निघाले. घरी येऊन आधी खोकला, मग ताप. या प्रवासाचं मी काय सांगू? भंडाऱ्याला जरूर जा. तलावाकाठची ती वाट आता पुरी झाली असेल, दिवे लागले असतील, बाकांवरचं प्लॅस्टिक निघालं असेल. चांगलंच काम आहे ते, आणि मी अजूनही तसंच म्हणेन. तरी आमच्या गल्लीत परवा काहीतरी खोदायला घेतलं, तेव्हा नेहमीसारखी हौसेने बघायला गेले नाही. आधी विचारलं, सभा कधी झाली, आणि त्या वेळी कोण कोण घरी नव्हतं. लोकांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

कार्तिकात मी मंगलाला फोन केला. अर्ध्याहून जास्त वेल कुजला, ती म्हणाली. उशिराची लावणी, वरून जोराचा पाऊस. पण कोपऱ्यात एका खाटेएवढा तुकडा धरला, त्याला फळं आली. मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हटलं, माझ्यासाठी थोडे उकडलेले पाठव, पैसे देते, आणि नाही म्हणू नकोस.

मंगला विचारायला गेली. अंगणात पाण्याने भरलेला मातीचा रांजण होता आणि सगळे शिंगाडे त्यात होते, पुढच्या लावणीचं बियाणं. ते वाळलं की मेलं, म्हणून पाण्यातच ठेवतात. देवरामभाऊ त्यातलं पाणी बदलत होते. शेवंताबाईंनी मंगलाला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि माझ्यासाठी निरोप दिला.

"ताईले सांगा, राग नका मानू. या साली आमीच नाही खाल्ला."